घुमट, बागा आणि पाणी : फेब्रुवारीतली दिल्ली

दिल्ली बघायची तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, असं ताईचं ठाम मत. धुकं गेलेलं असतं, ऊन अजून चावत नाही, राष्ट्रपती भवनाची बाग लोकांसाठी उघडी असते आणि काटेसावरी फुलायला लागतात. ताई निवृत्त होईपर्यंत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती. मला जुन्या इमारतींचं वेड. दोघांचं जमावं म्हणून आम्ही एक साधा नियम ठरवला : जी इमारत बघायची ती तिच्या बागेसकट बघायची. आत जाऊन फोटो काढून बाहेर पडायचं नाही. एखाद्या झाडाखाली बसायचं, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते शोधायचं, आणि मगच पुढे जायचं. या नियमामुळे यादीतली अर्धी नावं कापावी लागली. त्याचं वाईट वाटलं नाही.

शनिवार

सकाळी हजरत निजामुद्दीन स्टेशनवर उतरलो. मेट्रो जवळ असेल अशीच खोली घेतली होती. दिल्लीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. इथे अंतरं मोठी आहेत आणि मेट्रोने ती खरोखर आवाक्यात आणली आहेत.

दुपारी आराम करून संध्याकाळी सेंट्रल सेक्रेटरिएट स्टेशनला गेलो. विजय चौकात उभं राहून रायसीना टेकडीकडे पाहिलं की एक गंमत दिसते. दुरून दिसणारा राष्ट्रपती भवनाचा घुमट चौकात येईपर्यंत चढामागे बुडत जातो. या चढावरून ल्युटेन्स आणि बेकर या नव्या दिल्लीच्या दोन वास्तुरचनाकारांचं इतकं बिनसलं, की त्यांची जुनी मैत्री तुटली. पुस्तकात हे वाचलं होतं, पण स्वतः चालताना घुमट खाली जाताना पाहिला तेव्हा ल्युटेन्सची चिडचिड पटली.

तिथून इंडिया गेटपर्यंत कर्तव्यपथावरून चालत गेलो. अंतर दोन-अडीच किलोमीटरचं. आधी किंग्जवे, मग राजपथ आणि २०२२ पासून कर्तव्यपथ. दोन्ही बाजूंना हिरवळ, पाण्याचे लांब पाट आणि जांभळाच्या रांगा. ताईने पहिल्या झाडाच्या खोडावर हात ठेवून सांगितलं, "अरे, नव्या दिल्लीचे रस्ते झाडांवरून ओळखता येतात. इथे जांभूळ, कुठे चिंच, कुठे कडुनिंब, कुठे अर्जुन. एका रस्त्याला एक झाड." पुढचे सगळे दिवस आम्ही रिक्षात बसून हेच करत होतो.

इंडिया गेटची उंची ४२ मीटर. पायाभरणी १९२१ ची, उद्घाटन १९३१ चं. पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात मेलेल्या तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्यावर कोरलेली आहेत. मात्र मला जास्त भिडलं ते त्याच्या पलीकडचं राष्ट्रीय युद्ध स्मारक, २०१९ मध्ये खुलं झालेलं. एकात एक चार वर्तुळं आहेत. त्यातल्या त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांची नावं सोनेरी अक्षरांत आहेत, पंचवीस हजारांच्या वर. आपल्याकडची आडनावं दिसायला लागली की पाय पुढे सरकत नाहीत. सगळ्यात बाहेरचं वर्तुळ म्हणजे रक्षक चक्र. ते दगडाचं नाही, झाडांचं आहे. पहाऱ्यावर उभ्या जवानांसारखी ओळीने लावलेली झाडं. दिवे लागल्यानंतरही आम्ही तिथेच होतो.

रविवार

या दिवसाबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण दिल्लीत माझा जीव सगळ्यात जास्त इथेच रमला.

जोरबाग मेट्रोवरून सकाळी सातच्या आत लोधी गार्डनमध्ये. तिकीट नाही. रोजचे चालणारे, योगासनं करणारे, थर्मासमधून चहा ओतणारे आजी-आजोबा, आणि या सगळ्यांच्या मधोमध पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचे मकबरे. कुणी त्यांच्याकडे मुद्दाम बघत नाही. त्यांच्या पायऱ्यांवर बसून लोक बुटांच्या नाड्या बांधतात. मला हे फार आवडलं. इमारत रोजच्या वापरात असली की ती जिवंत राहते.

आधी मुहम्मद शाह सय्यदचा मकबरा, १४४४ चा. अष्टकोनी, भोवती कमानींचा व्हरांडा, प्रत्येक कोपऱ्यावर तिरका दगडी धिरा आणि वर छोट्या छत्र्या. नंतर बडा गुंबद. हा घुमट मोठा आहे, पण आत कबर नाही. शेजारच्या मशिदीवर १४९४ हे साल आहे आणि तिच्या भिंतींवरचं चुन्यातलं नक्षीकाम इतकं बारीक आहे, की आम्ही मान वर करून बराच वेळ तसेच उभे राहिलो. समोरच्या शीश गुंबदावर निळ्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. सकाळचं ऊन तिरकं पडलं की ते चमकतात. दहानंतर गेलात तर ही चमक मिळणार नाही. उत्तरेच्या टोकाला सिकंदर लोदीचा मकबरा, साधारण १५१७ चा. याला भोवती तटबंदी आहे, म्हणजे आपली वेगळी चौकोनी बाग असलेला मकबरा. मुघल यायच्या आधीच दिल्लीत मकबरा आणि बाग यांची सांगड घातली जात होती, ते इथे डोळ्यांनी दिसतं. जवळच अकबराच्या काळातला आठपुला हा पूल, आता ज्याच्याखालून बागेतलं तळं जातं.

आजची ही बाग मात्र लोदींची नाही. या घुमटांभोवती खैरपूर नावाचं गाव होतं. ते हलवलं गेलं आणि १९३६ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने 'लेडी विलिंग्डन पार्क' उघडलं. स्वातंत्र्यानंतर नाव बदललं. १९६८ मध्ये वास्तुकार जोसेफ स्टाइन आणि उद्यानरचनाकार गॅरेट एक्बो यांनी बागेची नव्याने आखणी केली, आणि आज दिसणारी वळणाची वाट, तळं, काचघर ही त्या वेळची देणगी. आखणी उत्तम आहे. एकही घुमट आपल्याला पूर्ण, एकदम दिसत नाही. झाडांमधून थोडा थोडा उलगडत येतो. तरीही ज्यांची घरं या घुमटांच्या सावलीत होती त्यांचा उल्लेख बागेत ठळकपणे असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ताई तोवर राखी धनेशाच्या जोडीमागे गेली होती. वडाच्या फांदीवर दोघं शेजारी बसून फळं खात होते. "यांना जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात घरट्याला," ती म्हणाली. "मोठी, म्हातारी झाडं काढली की हे गेलेच म्हणून समज." शहराच्या मध्यावर धनेश टिकून आहेत, याचं श्रेय तिने बागेपेक्षा त्या म्हाताऱ्या झाडांना दिलं.

नाश्ता करून हुमायूनचा मकबरा. बहुतेक लोक आत शिरल्यावर सरळ पुढे जातात. तसं करू नका. आधी उजवीकडे वळून इसा खानचा मकबरा बघा. तो १५४७ च्या सुमाराचा, हुमायूनच्या मकबऱ्याआधी साधारण वीस वर्षांचा. अष्टकोनी, तोच व्हरांडा, तेच धिरे, त्याच छत्र्या. सकाळी मुहम्मद शाह सय्यदकडे पाहिलेला घाट शंभर वर्षांनी इथे पुन्हा भेटतो. आणि तिथून शंभर-दोनशे पावलांवर हुमायून, जिथे सगळंच वेगळं होऊन जातं. हा फरक अंगावर यायला हवा असेल तर लोधी गार्डन, इसा खान, हुमायून हाच क्रम ठेवा.

हुमायूनची बेगम हाजी, म्हणजे बेगा बेगम, हिने हा मकबरा बांधवून घेतला. १५६५ च्या सुमाराला सुरुवात, १५७२ मध्ये पूर्ण. वास्तुकार मीरक मिर्झा घियास. लाल दगडात पांढऱ्या संगमरवराच्या रेघा, दुहेरी घुमट, भलाथोरला चौथरा. त्या चौथऱ्याच्या पोटात आणि वरती मिळून घराण्यातल्या इतक्या कबरी आहेत, की एका पिढीत तख्तासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेले लोक इथे शेजारी शेजारी आहेत. औरंगजेबाचा भाऊ दारा शुकोहही इथेच कुठेतरी आहे असं मानतात.

खरी गोष्ट मात्र खालच्या बागेची. हा चारबाग आहे : पाटांनी आणि वाटांनी बागेचे चार भाग, पुन्हा प्रत्येकाचे नऊ, असे एकूण ३६ चौक. पाट जेमतेम हाताच्या रुंदीचे आणि उतार डोळ्यांना कळणारही नाही इतका हलका. आम्ही गुडघ्यांवर बसून पाण्यात वाळलेलं पान सोडलं. ते हौदापर्यंत सावकाश, न अडखळता गेलं. एवढ्या मोठ्या सपाट जागेवर पाणी असं चालवायचं म्हणजे गवंड्याच्या हाताची परीक्षा. इंग्रजी काळात, १८६० च्या सुमाराला, इथले चौकातले हौद काढून गोल फुलांचे ताटवे केले गेले होते. फाळणीनंतर हजारो निर्वासित या बागेत राहिले. १९९७ ते २००३ या काळात आगाखान ट्रस्टने पुरातत्त्व खात्याबरोबर काम करून पाट पुन्हा खोदून काढले, उतार बसवला आणि पाणी परत आणलं. मी याआधी इथे आलो होतो, तेव्हा पाट कोरडे होते. पाणी आल्यावर मकबरा दुप्पट मोठा वाटतो, कारण तो आता हौदातही उभा असतो.

सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्ली पडल्यावर बहादूरशाह जफर याच मकबऱ्यात आश्रयाला आला होता आणि इथूनच हॉडसन या इंग्रज अधिकाऱ्याने त्याला पकडून नेलं. ज्या घराण्याची भारतातली पहिली भव्य इमारत ही, त्याचा शेवटही इथल्याच आवारात. पश्चिमेच्या दारात उभं राहून मी ताईला हे सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती चौथऱ्याकडे बघत राहिली.

शेजारीच सुंदर नर्सरी. इथे तिकीट आहे आणि रविवारी रांगही असते, पण जाच. नवी दिल्ली वसवताना रस्त्यांवर कोणती झाडं लावायची याचे प्रयोग या जागेत होत, म्हणून नाव नर्सरी. पुढे जागा दुर्लक्षित झाली आणि दशकभराच्या कामानंतर २०१८ मध्ये ९० एकरांची बाग म्हणून उघडली. मधोमध पाण्याचा लांब पाट, त्याच्या टोकाला सुंदर बुर्ज. आत जाऊन छत बघायला विसरू नका, चुन्यातल्या चांदण्या आहेत. हिरवळीवर कुटुंबं सतरंज्या टाकून डबे उघडून बसली होती. तीन पिढ्या एका सतरंजीवर, पोरं मोरामागे धावतायत. ताईला झाडांवरच्या पाट्या सापडल्या आणि मग तिला हलवणं अशक्य झालं. कर्तव्यपथावरच्या जांभळांचे आजोबा-पणजोबा इथेच कुठेतरी रोपं म्हणून वाढले असतील, या विचाराने ती खूश होती. सूर्य मावळेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. पुराना किल्ला आणि लोटस टेंपल त्या दिवशीच्या यादीत होते, ते सोडून दिले.

सोमवार

सोमवारी लाल किल्ला आणि राष्ट्रपती भवनाची बाग दोन्ही बंद, म्हणून मेहरौली.

कुतुबमिनार उघडताच गेलो. शाळांच्या सहली यायच्या आत गेलं तरच शांतपणे बघता येतो. ७२.५ मीटर उंच. कुतुबुद्दीन ऐबकने सुरुवात केली, इल्तुतमिशने वर चढवला, वीज पडून मोडला तेव्हा १३६८ मध्ये फिरोजशाह तुघलकाने वरचे मजले बांधले. लाल दगड संपून संगमरवर कुठे सुरू होतो ते पाहिलं की फिरोजशाहचा हात ओळखू येतो. आत ३७९ पायऱ्या आहेत, पण १९८१ च्या चेंगराचेंगरीत ४५ जण गेले, त्यात बहुतेक शाळेतली मुलं, तेव्हापासून वर जाणं बंद आहे.

मशिदीच्या आवारातले खांब जवळून बघा. घंटा, साखळ्या, कलश स्पष्ट दिसतात. २७ देवळांचे दगड वापरल्याचा उल्लेख तिथल्याच शिलालेखात आहे. मधे लोहस्तंभ, सात मीटरच्या वर उंच, सहा टनांहून जड, गुप्तकाळातला. सोळाशे वर्षं उघड्यावर राहून गंजत नाही, याचं कारण त्या लोखंडातलं फॉस्फरस. त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ थर धरतो आणि पुढचा गंज थांबतो. ज्या लोहारांनी हे केलं त्यांची नावं कुठे नाहीत, याची मला दरवेळी हळहळ वाटते.

हिरवळीवर एक दगडी छत्री एकटीच उभी असते. रॉबर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये ती मिनाराच्या डोक्यावर बसवली होती. १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगने ती उतरवायला लावली. चांगलं केलं.

पर्यटकांचे ताफे कुतुब बघून परत फिरतात. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर मेहरौली पुरातत्त्व उद्यान आहे, आणि माझ्या मते मेहरौलीला यायचं ते यासाठी. सुमारे २०० एकरांचं रान. वेड्या बाभळी, मोर, मधूनच पडके घुमट. बलबनचा मकबरा आता नुसत्या भिंतींचा उरलाय, पण खरी कमान, म्हणजे पाचरीसारखे दगड एकमेकांवर टेकवून साधलेली, भारतात पहिल्यांदा इथे दिसते असं मानतात. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याआधी कुतुबच्या मशिदीत दगड एकावर एक पुढे सरकवून कमानीचा आकार दिलेला आम्ही सकाळीच पाहिला होता. एका सकाळीत बांधकामाचं शंभर वर्षांचं शिक्षण झालं.

राजों की बावडी १५०६ ची. चार मजले खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कमानींच्या ओवऱ्या. आपल्याकडच्या बारवा पाहिलेल्या माणसाला ही लगेच ओळखीची वाटते. खाली गेलं की उकाडा जातो. जमाली-कमालीची मशीद १५२८-२९ ची, शेजारी सूफी कवी जमालीची कबर. खोली बंद असेल तर रखवालदाराला विनंती करा. आत छतावर निळ्या-लाल रंगांचं जे काम आहे त्याने माझे डोळे भरून आले. इतक्या छोट्या खोलीत इतका रंग मी कुठे पाहिलेला नाही.

आणि मेटकाफ. शेवटच्या बादशहाच्या दरबारातला हा इंग्रज रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी. त्याने कुली खानच्या मकबऱ्यात दिवाणखाना थाटला, भोवती इंग्रजी बाग केली, टेकाडावर छत्री उभारली आणि जागेला 'दिलकुशा' नाव दिलं. छत्रीतून कुतुब फार सुंदर दिसतो. पण दुसऱ्याच्या कबरीत सुट्टी घालवायला येणारा माणूस मला समजत नाही.

संध्याकाळी हौज खास. अल्लाउद्दीन खिलजीने सिरी शहरासाठी खणवलेला तलाव, पुढे गाळाने भरलेला. फिरोजशाहने तो उपसून काठावर मदरसा बांधला आणि स्वतःची कबरही तिथेच केली. डिअर पार्कमधून चालत गेलात तर पाण्याच्या बाजूने मदरसा दिसतो, तो रस्त्याच्या बाजूने दिसणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला. पाय दुखत होते, म्हणून काठावर नुसते बसलो.

मंगळवार

लाल किल्ला. शाहजहानने १६३९ मध्ये सुरू करून १६४८ मध्ये पूर्ण केलेला. लाहोरी दरवाजा, छत्ता बाजार, नौबतखाना, दिवाण-ए-आम आणि मग यमुनेच्या बाजूचे महाल. या महालांच्या मधून 'नहर-ए-बिहिश्त' वाहायची, संगमरवरात कोरलेला पाट. आज कोरडा आहे. रंगमहालातला कमळाचा हौदही कोरडा.

हयातबख्श बागेत मला सगळ्यात वाईट वाटलं. सावन आणि भादों असे दोन मंडप समोरासमोर, पावसाळ्याच्या महिन्यांची नावं असलेले. पाणी पडायचं त्या भिंतीत छोटे छोटे कोनाडे आहेत. रात्री त्यात दिवे ठेवायचे, दिवसा फुलं, आणि समोरून पाण्याचा पडदा. ताईने एका कोनाड्यासमोर हात धरला, जणू पाणी पडतंय. मधल्या हौदात जफरमहाल, १८४२ चा, आता कोरड्या खड्ड्यात उभा. १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्यातल्या बहुतेक इमारती पाडून तिथे बराकी बांधल्या. भोवती बहुमजली बराकी आणि मधे हे नाजूक मंडप, हे दृश्य बघवत नाही. हुमायूनच्या बागेत पाणी परत आणता आलं, तर इथेही आणता येईल. आणायला हवं.

दिवाण-ए-खासमध्ये मराठी माणसाने जरा जास्त वेळ थांबावं. या दालनाचं छत चांदीचं होतं. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी ते उतरवून वितळवलं, कारण फौजेला द्यायला पैसा नव्हता. पाच-सहा महिन्यांत पानिपत. वर आता रंगवलेलं लाकडी छत आहे, ते नंतरचं. त्या छताखाली उभं राहून मला भाऊंची चिंता जाणवली. एवढी फौज, रसद नाही, घर लांब. आणि याच किल्ल्यात १७८८ मध्ये गुलाम कादिराने शाह आलम बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला पुन्हा तख्तावर बसवणारे महादजी शिंदे. १८०३ मध्ये इंग्रज येईपर्यंत दिल्लीचा कारभार शिंद्यांच्या हाती राहिला. किल्ल्यात फिरताना हे ठळकपणे सांगणारं फारसं काही दिसत नाही. आपणच वाचून जायचं.

बाहेर चांदणी चौक. शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने हा बाजार आखला. मधून कालवा वाहायचा. तो केव्हाच बुजला, तिची बागही गेली. आता मधला रस्ता दिवसा गाड्यांना बंद असतो, त्यामुळे चालणं सुखाचं झालंय. थंडी पूर्ण सरली नव्हती म्हणून 'दौलत की चाट' मिळाली. दुधाचा फेस, केशर, वर खवा. जिभेवर ठेवताच विरून जातो. उन्हाळ्यात हा पदार्थ टिकत नाही, म्हणून फेब्रुवारीत याल तर शोधून खा. जामा मशीद बाहेरूनच पाहिली, नमाजची वेळ होती.

उतरत्या उन्हात राजघाट. ३१ जानेवारी १९४८ ला गांधीजींचे अंत्यसंस्कार झाले ती जागा. काळ्या दगडाचा साधा चौथरा, वर आकाश, एका अखंड ज्योतीखेरीज काही नाही. वास्तुकार वानू भुता. घुमट नाही, जाळी नाही, पुतळा नाही. दिल्लीत इतके मकबरे पाहिल्यावर इथला मोकळेपणा फार जाणवतो. भोवतालची झाडं आता मोठी झाली आहेत आणि काठाकाठाने शांतिवन, शक्तिस्थळ, विजय घाट अशा समाध्या मिळून यमुनेच्या बाजूला हिरवा पट्टाच झाला आहे. गर्दी होती, पण आवाज नव्हता.

बुधवार

अमृत उद्यान. २०२३ च्या जानेवारीपर्यंत मुघल गार्डन म्हणत. वेळ आधी ऑनलाइन ठरवता येते, मुख्यतः फेब्रुवारी-मार्चच्या काही आठवड्यांत उघडं असतं, मोठी बॅग नेता येत नाही. १५ एकर. ल्युटेन्सने आखलं, लागवड १९२८-२९ मध्ये बागकामतज्ज्ञ विल्यम मस्टोने केली. मुघल चारबागेचे पाट आणि इंग्रजी फुलांचे ताटवे एकत्र. पाट जिथे एकमेकांना छेदतात तिथे कमळाच्या पानांसारख्या दगडी थाळ्यांचे कारंजे. हे पाट बघताना हुमायूनच्या बागेतलं ते वाळकं पान आठवत होतं.

ट्यूलिपच्या ताटव्यांपाशी फोटोंची झुंबड होती. ताईला ट्यूलिपमध्ये रस नव्हता. तिने बकुळीची झाडं शोधली, छत्रीसारखी गोल कापलेली. "बकुळ अशी कापायची?" तिला ते रुचलं नाही. मग एका झाडाच्या बुंध्याशी बराच वेळ उभी राहून म्हणाली, "पण सावली छान धरलीय, हे मान्य." गुलाबांच्या शंभरावर जाती आहेत आणि गोल बागेत शेवटी येणारा सुगंध विसरणार नाही. रांग पुढे सरकवत नेतात, निवांत बसता येत नाही, ही एकच कमतरता.

तिथून तालकटोरा उद्यान फार लांब नाही. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीराव पेशवे अचानक दिल्लीच्या दारात येऊन थडकले, तेव्हा बादशाही फौजेशी गाठ पडली ती या परिसरात. आज इथे फुलझाडं, जुन्या भिंतीचे अवशेष, बाकांवर अभ्यास करणारी मुलं. शेजारच्या स्टेडियममध्ये २०२५ च्या फेब्रुवारीत ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. बाजीरावांच्या नंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी मराठी माणसं इथे पुस्तकं घेऊन आली, हे मला त्या हिरवळीवर बसून फार सुखाचं वाटलं.

गुरुवार

शेवटचा दिवस उत्तर दिल्लीसाठी ठेवला होता. रोशनआरा बाग, जहाँआराच्या धाकट्या बहिणीची. १६७१ मध्ये ती वारली, आणि बारादरीच्या मधोमध, वर छप्पर नसलेल्या चौकात तिची कबर आहे. पाऊस आणि ऊन थेट त्यावर पडतं. शेजारच्या रोशनआरा क्लबात १९२७ मध्ये झालेल्या बैठकीतून भारतीय क्रिकेट मंडळाची बोलणी पुढे गेली, हे ऐकून बागेत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना काहीच आश्चर्य वाटलं नाही.

मग जीटीबी नगर मेट्रोवरून ऑटोने कॉरोनेशन पार्क. ऑटोवाल्याला निरंकारी सरोवराजवळ असं सांगा, लगेच कळतं. १८७७, १९०३ आणि १९११ चे तिन्ही दरबार याच मैदानावर भरले. १२ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली ती इथे. नव्या शहराची कोनशिलाही तीन दिवसांनी इथेच बसवली, मग जागा बदलली आणि दगड रायसीनाला नेले गेले. शनिवारी इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली आता नेताजींचा पुतळा आहे तो पाहिला होता. १९६८ पर्यंत तिथे पंचम जॉर्ज होता. तो आता या मैदानात उंच चौथऱ्यावर उभा आहे, भोवती हार्डिंग, विलिंग्डन वगैरे. काही चौथरे रिकामेच. ज्या विलिंग्डनच्या पत्नीच्या नावाने खैरपूरची बाग झाली, तो हाच.

बागेत फार कमी लोक होते. दोन मुलं सायकलवरून पुतळ्यांना फेऱ्या मारत होती. ताईने काटेसावर शोधून काढली, फुलांनी लाल झालेली, आणि त्याखाली मैनांचा गोंधळ.

रात्रीची गाडी होती, म्हणून शालिमार बाग राहिली. औरंगजेबाने ३१ जुलै १६५८ ला स्वतःला बादशहा जाहीर केलं ते तिथे. ताई म्हणाली, जुलैतच येऊ. तेव्हा लोधी गार्डनमध्ये बहावा संपलेला असेल, पण जांभळं पिकलेली असतील आणि कर्तव्यपथावर ती विकायला बसलेली माणसं दिसतील.